एकदम फिट

रामघाटाजवळच्या धर्मशाळेत हळद लागता लागता नवरदेव रुचिरला उन्हाने चक्कर आली. होणाऱ्या सासऱ्यांनी लगबगीने फोन करून सलाईन लावायला नर्स बोलावली. आली ती नेमकी मुक्ता. दोन वर्षांपूर्वी रुचिरने जिच्याशी ठरलेलं लग्न मोडलं होतं, तीच.

तिने ओळख दाखवली नाही. बीपी पाहिलं, सुई काढली आणि सासऱ्यांच्या देखत विचारलं, "हार्टचा, किडनीचा काही त्रास? असेल तर आत्ताच सांगा, सलाईन जिवावर बेतू शकतं."

"बिलकुल नाही," रुचिर घाईघाईने म्हणाला. "लहानपणापासून एकदम फिट."

मुक्ताने सुई खाली ठेवली.


"मग रडत रडत ज्या खराब किडनीपायी माझ्याशी लग्न मोडलंस, ती कुणाची होती?"