रोजच्या वीस जाहिराती

मृदुलाने मेल पुन्हा वाचला. कोणीतरी एकाच मोबाईलवरून रोज जाहिराती दाबत होतं, म्हणून जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीने तिच्या रांगोळीच्या वेबसाइटचं खातं कायमचं बंद केलं होतं. जमलेले अकरा हजारही गेले.

कपाटाच्या दारावर तिच्याच अक्षरातला कागद होता: 'दिवाळीपर्यंत महिना पन्नास हजार. आधी अण्णांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन.'

ती बाहेर आली. गॅलरीत तिचे वडील स्टुलावर पाय ठेवून मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते.

"बरं झालं आलीस," अण्णा म्हणाले. "तुझ्या वेबसाइटवर आज जाहिरातीच दिसेनात."

"तुम्हाला कशाला हव्यात जाहिराती?"

ते जरा ओशाळले. "शेजारचे केळुसकर म्हणाले, जाहिरात दाबली की वेबसाइटवाल्याला पैसे मिळतात. दोन महिने झाले, रोज वीस दाबतो. कंडक्टरचा अंगठा आहे, तिकिटं पंच करून पक्का झालेला. दमत नाही."

मृदुलाने मोबाईल हातात घेतला. रांगोळ्यांच्या शेजारच्या चौकटी रिकाम्या होत्या.

"वेबसाइटचं काम काढलंय, अण्णा," ती म्हणाली. "उद्या दिसतील."

"मग उद्या चाळीस दाबतो."