हवेपेक्षा जड

फळ्यावर मास्तरांनी लिहिलं, हवा एक. तिच्या खाली हायड्रोजन, एकाचा चौदावा भाग. मग कार्बन डायऑक्साइड, दीड. शेवटी बर्नरचा गॅस. तिथे खडू थांबला. इतकी वर्षं शिकवूनही त्यांनी पुस्तक उघडून खात्री करून घेतली आणि मगच लिहिलं, जवळजवळ दोन.

"म्हणजे काय?"

त्यांचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे कधी गेला नव्हता. मुलांनी त्यांचं नाव हायड्रोजन ठेवलं होतं. अंगानं काडी, आणि असले काय, नसले काय, कळायचं नाही.

"हवेच्या दुप्पट जड," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. "सुटला तर खाली बसेल. पाण्यासारखा फरशीवर पसरेल."

बोलता बोलता ती कोपऱ्यातल्या सिलिंडरच्या कपाटाकडे बघत राहिली. कपाटाची दारं खालून जळून कोळसा झाली होती. शेजारची भिंतही काळी होती, पण गुडघ्याएवढीच. त्याच्या वरचा पांढरा रंग जसाच्या तसा होता.

"सर, म्हणून मामांचे पायच भाजले?"

मामा म्हणजे या प्रयोगशाळेचे शिपाई. सोमवारी सकाळी बर्नर पेटवायला त्यांनी काडी ओढली आणि पायाखालची जमीनच पेटली. तेव्हापासून ते दवाखान्यात होते.

मास्तरांनी मान डोलावली. मागून कुणीतरी म्हणालं, "मग भोंगा वर कशाला बसवलाय?"

सगळा वर्ग छताकडे बघू लागला. छताला चिकटलेला तो पांढरा, वाटोळा, बॅटरीवरचा भोंगा गॅस सुटला की वाजण्यासाठी आणला होता. सोमवारी तो वाजला नव्हता.

तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले. हातात झाडूचा लांब दांडा.

"बसा, बसा. मास्तर, चौकशीची माणसं आलीत. ऑफिसात चहा घेताहेत. आधी एकदा बघून घेऊ." त्यांनी दांडा उंच धरून भोंग्याचं बटण दाबलं. पीं! "ठणठणीत आहे. तुम्ही विज्ञानाचे, तुमच्या शब्दाला वजन आहे. एवढंच सांगायचं, यंत्र चालू होतं आणि वाजलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे गळती नव्हती. मामांनीच काहीतरी घोळ घातला. फरशीवर स्पिरिट सांडलं असेल, पुसलं नाही आणि काडी ओढली. वय झालंय हो त्यांचं."

"मग त्यांची नोकरी जाईल."

"ते मी बघतो. शाळेचं नाव जायला नको."

"गळती होती, सर," मास्तर म्हणाले. "भोंगा चुकीच्या जागी आहे. तो खाली हवा."

"खाली? पोरं लाथा घालतील. आणि पाहुण्यांना दिसायला नको?" मुख्याध्यापकांनी आवाज उतरवला. "एवढं कळत होतं, तर बसवताना का नाही बोललात?"

"बोललो होतो." मास्तरांच्या हातातला खडू मोडला. "तुम्ही म्हणालात, मास्तर, शेवटी सगळ्यांना वरच जायचंय. सगळे हसले. मामाही हसले."

मुख्याध्यापकांनी दांडा भिंतीला टेकवला. "हे बघा, मुलांसमोर नको. चला, बाहेर बोलू."

मास्तर बाहेर गेले नाहीत. "खिडक्या उघडा रे सगळ्या," ते म्हणाले. "दिव्याच्या बटणाला कुणी हात लावू नका." त्यांनी खणातून लायटरमध्ये गॅस भरायची छोटी कुपी काढली, वाकले आणि फरशीजवळ ती दाबून धरली. हिस्स आवाज झाला. पुढच्या बाकांपर्यंत वास आला. मुलांनी नाकं दाबली. छतावरचा भोंगा गप्प होता.

"काय चाललंय हे?" मुख्याध्यापक म्हणाले. "तुम्हालाही घरी बसायचंय का?"

मास्तर उंच स्टुलावर चढले. स्टूल डुगडुगलं तसं पहिल्या बाकावरच्या मुलीनं पुढे होऊन ते धरलं. मास्तरांनी खिशातून पेचकस काढून दोन स्क्रू फिरवले. सुटा भोंगा घेऊन ते खाली उतरले आणि मुख्याध्यापकांच्या बुटांपाशी तो ठेवला. कुपी पुन्हा दाबली.

भोंगा किंचाळला.

मुख्याध्यापक दोन पावलं मागे सरले. "बंद करा! आधी बंद करा ते!"

मास्तरांनी कुपी बाजूला ठेवली, पण भोंग्याला हात लावला नाही. तो फरशीवर थरथरत ओरडत राहिला. व्हरांड्यात धावपळ ऐकू आली. चौकशीची दोन माणसं दारात येऊन थबकली. एकाच्या हातात अजून कप होता. दोघांनी चटकन वर पाहिलं. मुख्याध्यापकही वरच बघत होते. छताला स्क्रूची दोन भोकं होती, बाकी काही नव्हतं.

"खाली!" मास्तर ओरडले. शेवटच्या बाकावरची मुलं दचकून उभी राहिली. "अहो, खाली बघा!"