एका ताटाची आमटी

परीक्षक बाईंनी चमचाभर आमटी तोंडात घातली आणि लगेच पाण्याचा पेला उचलला. ताटामागे उभ्या असलेल्या वत्सलाबाई ते बघत होत्या.

आश्रमशाळेत एकतीस वर्षं त्यांनी दोनशे मुलांचा स्वयंपाक केला होता. भुकेली पोरं पानात पडेल ते गिळून वर्गात पळायची. निवृत्तीनंतर बाईंनी एकच ध्यास घेतला. पोटं भरणं पुरे झालं. आता एका तरी माणसाने आपल्या हातचं सावकाश, चव घेत खावं. म्हणून साठी उलटल्यावर त्यांनी महिला मंडळाच्या पाककला स्पर्धेत नाव दिलं. महिनाभर घरी चमच्याने मीठ मोजून सराव केला. अन्न उष्टं होतं म्हणून चाखून मात्र त्यांनी जन्मात कधी बघितलं नव्हतं, आजही नाही.

त्यांनी मिठाच्या डब्याकडे पाहिलं. चमचा शेजारी तसाच कोरडा पडला होता आणि मीठ त्यांच्या बोटांना चिकटलं होतं. घाईत हाताने आपली आश्रमशाळेतली जुनी मूठ टाकली होती.

"आजी, मनाला लावून घेऊ नका," मंडळाच्या अध्यक्षा जवळ येऊन म्हणाल्या. "तुम्ही आश्रमशाळेत होतात ना? पुढच्या महिन्यात आमचा मेळावा आहे. दोनशे पानं होतील. कराल का?"

वत्सलाबाईंनी बोटं पदराला पुसली.

"करीन की."

परीक्षक बाई तोवर पुढच्या ताटापाशी पोचल्या होत्या. डोळे मिटून, अगदी सावकाश, त्या कुणाची तरी खीर चाखत होत्या.