घासलेला वाडगा

प्रार्थनेच्या शांततेत दाराची कडी वाजली. सासूबाईंनी डोळे न उघडताच सुनेचा हात दाबला. "पोरी, आहेस का गं घरात?" बाहेरून समोरच्या म्हातारीनं विचारलं. मुलगा चोरीपायी तुरुंगात गेल्यापासून तिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. परवा ती तापानं फणफणली, तेव्हा सुनेनं गुपचूप वाडगाभर सूप नेऊन दिलं होतं. "बस खाली. बोट दिलं की हात धरतात असली माणसं," सासूबाई पुटपुटल्या आणि पुढे म्हणू लागल्या, "प्रभू, समोरच्या त्या एकट्या जिवाला कुणाचा तरी आधार दे." घर सासूबाईंचं, शब्दही त्यांचाच, सून उठली नाही. शेवटी पावलं फरफटत लांब गेली. आमेन होताच सुनेनं दार उघडलं, मागोमाग तिची छोटी लेकही आली. उंबरठ्यावर लखलखीत घासलेला वाडगा होता, आत एक चॉकलेट. ते उचलून लेकीनं विचारलं, "आई, दार देवानं उघडायचं होतं का?"