धक्का कोणी मागितला

द्वारका चौकात थांबलेल्या रांगेत मागच्या गाडीने शलाकाच्या गाडीला हलकासा धक्का दिला. आठवड्यातला हा तिसरा. मागच्या सीटवरची पाच महिन्यांची निहिरा दचकून रडायला लागली, तशी शलाका तरातरा खाली उतरली.

"काका, लक्ष कुठे असतं हो तुमचं?"

"माझं आहे, ताई," मागच्या गाडीतले पिकल्या मिशांचे गृहस्थ म्हणाले. "धक्का तुमच्याच गाडीने मागितला. चालकाचं लक्ष उडालं की ती मागचीला सांगते. हॉर्नने आपल्याकडे कोण जागं होतंय?"

"थापा नका मारू. टक्क डोळे उघडे ठेवून बसले होते मी."

वाद न घालता त्यांनी डॅशबोर्डवरचा स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिच्या गाडीचा निरोप होता : 'डोळे उघडे, पण चालक चार मिनिटं झोपेत. ब्रेक मी धरलाय. हळूच उठवा.'

शलाकाचा विश्वास बसेना. या गाड्या एकमेकींना सामील असतात, याची तिला पहिल्यापासून खात्री होती. निहिराला उचलायला तिने मागचं दार उघडलं. घरून निघताना बाळाच्या सीटचा पट्टा आपण लावला, खटका वाजलेलाही ऐकला, हे तिला लख्ख आठवत होतं.

पट्टा सीटखाली तसाच दुमडून पडला होता.

तिने तो लावला. दोनदा ओढून पाहिला. मग मागे वळून हलक्या आवाजात म्हणाली, "काका, जरा इकडे येता? हा नक्की लागलाय का, तुम्ही बघून सांगा."