पंगतीबाहेरची सून

पंगत बसली आणि निशिगंधा पुन्हा उभीच राहिली. हातात आमटीची बादली, पदर खोचलेला. "तुम्ही बसा, मी वाढते." सुनेचं हे वाक्य चिमणाबाईनं इतक्या वेळा ऐकलं होतं, की आज तिच्या डोक्यात तिडीकच गेली.

तिच्या नवऱ्याला, बाबासोंना, जाऊन वर्ष झालं म्हणून आज घरी पुण्यानुमोदन होतं. बुद्धवंदनेलाही सगळं घर सतरंजीवर बसलेलं आणि ही लहानग्या आर्यनचा हात धरून दाराशी उभी. पाहुणे म्हणत होते, सून मोठी कामसू हं. कामसू कसली, चांगली पक्की आहे, चिमणाबाई मनात म्हणाली.

निशिगंधा चंदगडकडच्या मराठ्यांची पोर. कॉलेजात चिमणाबाईच्या लेकाशी, धम्मपालशी, जमलं आणि घरच्यांशी भांडून ती कोल्हापुरात, या बौद्धांच्या घरात आली. सुरुवातीला बसायची की! सासूच्या मांडीला मांडी लावून भाकरी कुस्करून खायची. मग आर्यन झाला, पाठोपाठ गगनबावड्याच्या वाटेवरच्या शाळेत शिक्षणसेवकाची नोकरी लागली आणि बाईंचं खाली बसणं बंद झालं. घरात ओट्यापाशी उभ्याउभ्या जेवायची. पाहुण्यांकडं गेलं तर 'आत्ताच खाऊन आले.' पोरगं जमिनीवर गाड्या मांडून 'आई, ये की खाली' म्हणून रडायचं, तरी ही त्यालाच कॉटवर बोलवायची. म्हणजे आमच्या जमिनीचाही विटाळ? नोकरी लागली आणि जात जागी झाली, दुसरं काय! हा निकाल चिमणाबाईनं मनाशी कधीच लावून टाकला होता.

तिचा तरी काय दोष? लहानपणी गावातल्या लग्नात तिला मांडवाबाहेर, उकिरड्याच्या बाजूला बसवून वरून वाढलेलं. साठी आली तरी ते तिच्या घशात अडकून होतं. परक्यांचं एक वेळ सोसलं, पण स्वतःच्या घरात? आज पाहुणे पांगले की धम्मपालला सांगायचं तिनं ठरवलं होतं, बायकोला घे आणि वेगळी चूल मांड. आर्यन गेला तर घर खायला उठेल हे तिला कळत होतं. तरी ठरवलं होतं.

"आई, वैनी आजबी बसल्या न्हाईत बघ," मलकापूरहून आलेली लेक ललिता कानाशी लागली.

तेवढंच पुरलं. चिमणाबाई भर पंगतीत ओरडली, "निशिगंधा, ठेव ती बादली. वाढणारी लई हायत. हितं माझ्याजवळ बस."

"आत्या, मी मागनं..." सासूला ती आत्या म्हणायची.

"मागनं न्हाई. आज तुझ्या सासऱ्याची पंगत हाय. आमच्यात बसायची लाज वाटत असंल, तर तसं चारचौघांत सांग."

सगळ्यांचे घास हातात राहिले. "आई, जाऊ दे की," म्हणत धम्मपाल उठायला लागला, तर निशिगंधानं नुसती मान हलवून त्याला गप्प केलं. चिमणाबाईनं ते बरोबर टिपलं. म्हणजे पोरगाही सामील आहे तर!

निशिगंधानं बादली ठेवली. भिंतीचा आधार घेत ती हळूहळू खाली बसली. बसताना तिचं तोंड वाकडं झालं, ओठ दाताखाली गेला. एवढी किळस! चिमणाबाईला रडूच आलं. पण सून जेवली. वांग्याची भाजी, आमटीभात, खीर, पत्रावळीवर काही टाकलं नाही. चिमणाबाई शेजारून तिचा घास न् घास बघत होती आणि तिला स्वतःला मात्र जेवण जात नव्हतं.

पंगत उठली. लोक हात धुवायला गेले. निशिगंधा बसूनच.

"वैनी, उठा की. दुसरी पंगत बसायची हाय," ललिता म्हणाली.

ही हलेना. आता आणि हे काय नाटक, म्हणून चिमणाबाईही उष्ट्या हातानं तिथंच बसून राहिली.

निशिगंधानं डावा हात जमिनीला रेटला. अर्धवट उठली आणि दाणकन खाली आली. पुन्हा रेटला. कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी आलं, पण उठता येईना.

धम्मपाल धावत आला. "आता मला सांगू दे," तो बायकोला म्हणाला आणि आईकडं वळला. "कॉलेजात कबड्डी खेळताना हिचा गुडघा मोडल्याला. आता दोन्ही गुडघं झिजल्यात. म्हाताऱ्या माणसांना होतोय तसला संधिवात हाय. डॉक्टरनं खाली बसायचं बंद केलंय."

"मग मला कुणी सांगायचं?" चिमणाबाईचा आवाज चिरकला.

"काय सांगू?" निशिगंधा म्हणाली. "तुम्ही या वयात टुणकन उठता. मी बत्तिसाव्या वर्षी म्हातारी झाले म्हणून सांगू? आधीच माहेर तोडून आलेली सून, त्यात अधू निघाली. लाज त्याची वाटत होती, आत्या."

चिमणाबाई उठून तिच्यासमोर वाकली. स्वतःच्या संशयाची तिला शरम वाटली. धम्मपालनं हात पुढं केला होता, पण निशिगंधानं आपला हात सासूकडं केला. चिमणाबाईचा हात आमटीभातानं बरबटलेला. ती गडबडीनं तो पदराला पुसायला लागली.

"असू दे की उष्टा," निशिगंधा म्हणाली. "तसाच द्या."