शिकून राहिला

गोंदियाच्या कॉलेजात संघदीपने बी.ए. प्रथम वर्षाचा अर्ज खिडकीतून आत सरकवला. सोबत बी.एस्सी.ची पदवी जोडली होती. ती पाहून म्हाताऱ्या कारकुनाने मान वर केली.

"सात वर्षांआधी इथूनच पास झाला ना तू? परत पहिल्या वर्षाले कायले? डिग्र्यायचं लोणचं घालतं का बे?"

"माय लग्नात गेली की बाया विचारतात, पोरगा काय करून राहिला? ती खाली पाहते. आता सांगंल, शिकून राहिला."

कारकुनाने अर्जावर शिक्का मारला. पावती देताना त्याचा आवाज खाली आला.

"अन् तीन वर्षांनं हे बी झालं म्हणजे?"

संघदीपने पावतीची घडी केली.

"बी.कॉम. बाकी आहे, बाबूजी."